निळ्या चमकीखाली

मी मिरज सोडली त्या दिवशी बाबा कारखान्यातून तसेच स्टेशनवर आले होते. हाताला लाखेचा तांबूस रंग, नखांत पॉलिश. माझ्या नव्या साडीला डाग पडेल म्हणून त्यांनी मला जवळ घेतलं नाही. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आई खिडकीतून एकेक पुडकं आत देत होती, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ. निखिल, माझा तीन आठवड्यांचा नवरा, हे सगळं बॅगेत कुठे कोंबायचं या विचारात. गाडी हलली तसे बाबा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "वैशू, हात रिकामे ठेवू नकोस. रिकामा हात माणसाला भलतीकडे नेतो."

त्याला आता चौदा वर्षं झाली. बाबांचं ऐकून मी हात रिकामे ठेवले नाहीत, आणि तरी भलतीकडेच गेले. मिरजेत तुमच्या कानावर त्यातलं अर्धंमुर्धं आलेलं आहे. इकडे अमेरिकेत, श्रूजबरीत तर ज्याला त्याला आपापली वेगळीच गोष्ट माहीत आहे. म्हणून एकदा सगळं सरळ लिहून काढते आहे, मागे राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारख्या नवऱ्याच्या व्हिसावर इकडे येऊन बसलेल्या बायकांसाठीही.

बाबा तंतुवाद्यांच्या गल्लीत एका कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. मालक दुसरा, हात बाबांचा. मुलींना कुणी हे काम शिकवत नाही, पण शाळा सुटली की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसायची. स्पिरिटमध्ये विरघळलेला चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, मलमलीत कापूस गुंडाळून केलेली पोटली, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर गोल गोल फिरणारा हात. दहावीत जाईपर्यंत माझी पोटली बाबांइतकीच हलकी फिरायला लागली होती. पुढे बी.कॉम. झालं, नागपूरचं स्थळ आलं, मुलगा अमेरिकेत, आणि ती पोटली तिथेच राहिली.

श्रूजबरीत आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आपली माणसं खूप. सोमवारी नवरे ऑफिसला, मुलं स्कूल बसमध्ये, आणि मग दिवसभर बर्फ. पॉटलकच्या जेवणाला कुणी नवीन भेटलं की विचारायचं, "तू काय करतेस?" मी म्हणायची, "काही नाही, एच-फोर." एच-फोर म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेला व्हिसा, त्यावर नोकरी करता येत नाही. आठ वर्षं हेच उत्तर दिलं. तेवढ्या काळात ईशा झाली, चालायला लागली, बालवाडीत गेली, आणि मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. मग एक दिवस माझं वर्क परमिटचं कार्ड आलं. निखिलने त्याचा फोटो काढून नागपूरला पाठवला. बी.कॉम. आणि आठ वर्षांची रिकामी जागा, एवढ्यावर मला कुठे नोकरी मिळेना, ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी ईशाच्या शाळेचं व्हायोलिन पडलं आणि त्याला तडा गेला. ते घेऊन मी शेजारच्या वूस्टरला एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेले. जुन्या कापडगिरणीची लाल विटांची इमारत, तिसरा मजला, लांबलचक अंधारा पॅसेज. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. समोरच्या भिंतीवर इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या होत्या, आणि त्या चमकत होत्या. चंदेरी, सोनेरी, लाल, निळ्या, हिरव्या. मला आपल्याकडच्या लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट आठवले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथल्या कारखान्यांत अशा गिटारी निघायच्या. पारदर्शक लॅकरमध्ये धातूची बारीक चमकी मिसळून फवारायची, आणि ती खरखरीत लागू नये म्हणून वर लॅकरचे थरावर थर. अशा फार थोड्या बनल्या आणि त्याहून थोड्या टिकल्या. काही लोक त्यांच्या मागे वेडे आहेत.

दुकानाचा मालक वॉल्ट. साठीचा, उंच, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्याने व्हायोलिन बघितलं, तडा जोडता येईल म्हणाला, पण पॉलिशवरचा डाग राहणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहणार नाही. मला कापूस आणि जुनं सुती कापड द्या." त्याने दिलं. मी पोटली बांधली आणि तिथेच टेबलावर हात फिरवायला लागले. दहा वर्षांनी. माझ्या हाताला सगळं आठवत होतं. वॉल्ट खुर्ची ओढून माझा हात बघत बसला. पुढच्या सोमवारपासून मी कामाला लागले.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं, हे कबूल करायला हवं. कुणाची तरी रंग उडालेली, अर्धी खरवडलेली गिटार यायची आणि मी तिला परत उभी करायची. चमकी फवारायला मास्क लावायची, तरी ती सगळीकडे जायची. पोळीच्या डब्यात, अंघोळीच्या टबात, निखिलच्या ऑफिसच्या शर्टावर. ईशा म्हणायची, "आई, यू आर शेडिंग!" दुकानातून गिटार बाहेर पडताना तिच्यावर एक चिठ्ठी बांधलेली असे, 'रंग नव्याने दिलेला'. हे लिहावंच लागतं. जुन्या वाद्याचे शौकीन मूळ रंगाला हात न लागलेलं वाद्य शोधतात. नवा रंग कितीही सुंदर असला तरी त्यांच्या लेखी ते वाद्य उतरलेलं.

वॉल्टने आधी मला पिवळेपणा मागितला. वरची लॅकर जुनी होत होत पिवळी पडते, त्यामुळे जुनी चंदेरी गिटार सोनेरी दिसते आणि निळी हिरवट. मी रंग मिसळून तो पिवळेपणा आणला. मग त्याने चिरा मागितल्या. खरी जुनी लॅकर थंडी-उन्हाने तडकते, केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्यासाठी मागच्या खोलीत एक मोठा फ्रीझर आणला. गिटार त्यात ठेवायची, दुसऱ्या दिवशी काढून गरम हवेसमोर धरायची. खोलीत आम्ही दोघंच, आणि त्या गिटारीतून आवाज यायचा, टिक, टिक, टिक, लहान लहान हाडं मोडल्यासारखा. मला तो आवाज आवडायचा नाही. चिरा मात्र इतक्या खऱ्या यायच्या की वॉल्ट म्हणायचा, "तू एका आठवड्यात साठ वर्षं घालतेस." घरी आल्यावर ते वाक्य मी निखिलला ऐकवायची. इकडे आल्यापासून मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

पुढे काही गोष्टी बदलत गेल्या. माझं टेबल दर्शनी खोलीतून मागच्या, बिनखिडकीच्या खोलीत गेलं. दुकानाच्या वेबसाइटवर माझा फोटो होता, तो काढला गेला. गिऱ्हाईक आलं की वॉल्ट मधलं दार लावून घ्यायचा. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की चिठ्ठ्या बांधायच्या दोऱ्याचं रीळ गेले कित्येक महिने तेवढंच्या तेवढं आहे.

निखिलला ते एका रविवारी सापडलं. मी भाजी निवडत होते, तो लॅपटॉप घेऊन समोर आला. "वैशाली, यार, ही तूच केलेली ना?" विक्रीच्या एका वेबसाइटवर चंदेरी गिटार. मागच्या बाजूचा टवका मी स्वतः खिळ्याने पाडलेला होता. खाली लिहिलं होतं, एकाच मालकाची, मूळ रंग, कुणाचाही हात लागलेला नाही. मग त्या मालकाची भलीमोठी हकिगत, कुठे कुठे वाजवायचा, कसा वारला. तो माणूस कधी नव्हताच. गिटार विकली गेलेली होती.

निखिल हळूच म्हणाला, "आपला ग्रीन कार्डचा फॉर्म सरकारकडे आत आहे. हे फ्रॉड आहे गं. आणि काम तुझ्या हातचं आहे."

बाबांचं एक म्हणणं होतं. जुनी सतार नवी करून द्या म्हणून लोक आणायचे तेव्हा ते करून द्यायचे, पण एकदा कुणी उलटं मागितलं तर त्यांनी ते वाद्य उचलून त्याच्या हातात परत दिलं होतं. "जुन्याला नवं करावं, सांगून करावं. नव्याला जुनं करू नये." मी तेव्हा आठवीत होते. त्या दिवशी भाजी निवडता निवडता मला ते शब्द जसेच्या तसे ऐकू आले.

सोमवारी मी वॉल्टला सांगितलं की असलं काम मी करणार नाही. तो अजिबात चिडला नाही. खण उघडून त्याने कार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कामाचं एक कार्ड असायचं, काय केलं, कधी केलं, आणि खाली माझ्या हाताने घातलेली माझी आद्याक्षरं. मी ती अभिमानाने घालायची.

"ही मी नीट जपून ठेवतो," तो म्हणाला. "उद्या कुणी विचारलंच तर कोणी काय केलं ते सांगता यायला हवं. तुमचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय, नाही का?"

मग त्याने टेबलावरचा डोनटचा खोका माझ्या हातात दिला. "ईशाला आवडतात ना, घेऊन जा." मी तो खोका घेऊन घरी आले. ईशाने दोन खाल्ले.

तेव्हाच सोडायला हवं होतं. सोडलं नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. दुकानात लागल्यापासून मी 'काही नाही' म्हणणं बंद केलं होतं, आणि ते परत म्हणायची माझी तयारी नव्हती.

त्यानंतरचं काम निळ्या गिटारीचं. लाकूड खरंच जुनं, पण रंग कुणीतरी पूर्ण खरवडून टाकलेला. वॉल्टने मला एक पिवळा कागद दिला. त्यावर त्याच्या अक्षरात: मागे पट्ट्याच्या बकलचे तीन ओरखडे, डावीकडे झुकलेले, मधला सर्वांत लांब. वरच्या टोकाला सिगारेटचा चटका, अर्धचंद्रासारखा. खालच्या कडेला नखाएवढा टवका.

"इतकं नेमकं का?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाला असंच हवंय."

"त्याला माहीत आहे का, आपण करतोय ते?"

"त्याला आनंद हवाय, वैशाली. आपण तो देतोय."

मी कागदाबरहुकूम सगळं केलं. चटक्यासाठी वॉल्टने सिगारेट पेटवली आणि मी ती लॅकरवर धरली. गिटारीच्या दर्शनी बाजूला तारांखाली एक पांढरी प्लास्टिकची पट्टी असते, स्क्रूने बसवलेली. ती बसवायच्या आधी वॉल्ट फोनवर बोलायला बाहेर गेला. मी पेन्सिल घेतली आणि पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत लिहिलं, वैशाली दत्तात्रय सुतार, मिरज. खाली चालू साल, आपल्या आकड्यांत. बाबा असंच करायचे. तंबोऱ्यावर लेबल मालकाचं लागायचं, पण भोपळा बंद होण्याआधी बाबा आत पेन्सिलने स्वतःचं नाव लिहायचे. ते पुन्हा कुणाला दिसणार नसे. मी पट्टी बसवली, स्क्रू आवळले. त्या क्षणी मला वाटलं, मी फार धीराचं काहीतरी केलं.

त्या शनिवारी दुपारी एक म्हातारा आला. आर्थर. न्यू हॅम्पशायरच्या सीमेजवळ राहणारा, आयुष्यभर स्कूल बस चालवून निवृत्त झालेला. या वेळी वॉल्टने मधलं दार लावलं नाही. मलाच हाक मारली, "वैशाली, घेऊन ये तिला." मी पेटी नेऊन ठेवली. आर्थरने गिटार उचलली आणि वाजवायच्या आधी पालथी केली. त्याचं बोट पहिल्या ओरखड्यावर गेलं, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. मग ते वरच्या टोकाला गेलं आणि चटक्यावर थांबलं.

"हीच," तो म्हणाला. "हीच आहे."

पहिलं मूल होणार होतं तेव्हा बाविसाव्या वर्षी त्याने आपली गिटार विकली होती. तेव्हापासून तो ती शोधत होता. वर्षभरापूर्वी त्याने वॉल्टला फोन केला होता, आणि वॉल्टने मऊ आवाजात विचारलं होतं, तिच्यावर काही खुणा होत्या का? आर्थरने एकेक खूण सांगितली होती.

तो रडत होता आणि हसतही होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही तिला छान सांभाळलंत." वॉल्टचा हात माझ्या खांद्यावर होता. जड नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं, मी ते बोलले नाही. आर्थर पेटी दोन्ही हातांत धरून त्या लांबलचक पॅसेजमधून गेला. त्याची पावलं जिन्यापर्यंत ऐकू येत होती.

मंगळवारी मी फोन करून काम सोडलं. वॉल्ट एवढंच म्हणाला, "कार्डं माझ्याकडे आहेत."

त्यानंतरचे दोन महिने कसे काढले ते सांगता येत नाही. दारावरची बेल वाजली की मी स्वयंपाकघरात उभी राहायची, माणूस परत जाईपर्यंत. रस्त्यावर अनोळखी गाडी जरा जास्त वेळ थांबली तरी मी पडद्याआडून बघत राहायची. आणि ती चमकी. दुकानात जाणं बंद झालं होतं, कपडे फेकून दिले होते, रोज व्हॅक्यूम करत होते, तरी ती निघतच राहिली. गालिच्यात, फ्रिजच्या दाराच्या रबरात. एकदा ईशाची वेणी घालताना तिच्या भांगात एक निळा कण दिसला. मी इतक्या जोरात कंगवा ओढला की ती ओरडली.

बाबांना सांगितलं ते एका सकाळी, व्हिडिओ कॉलवर. तिकडे संध्याकाळ, ते नुकते कामावरून आलेले. मी सगळं सांगितलं. मग फोनमध्ये नुसतं छत दिसायला लागलं. मला वाटलं रेंज गेली.

"तो म्हातारा रोज वाजवत असेल," बाबा म्हणाले.

"असेल, बाबा."

"म्हणजे रोज एकदा फसतोय."

फोन आईने घेतला. "जेवलीस का?" म्हणाली. इथे सकाळचे आठ वाजले होते.

त्या शनिवारी ईशाला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही निघालो. आर्थरचा पत्ता कार्डावर मीच उतरवला होता, तो पाठ होता. निखिल गाडी चालवत होता. वाटेत एकदाच बोलला, "वकिलाला आधी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "विचारलं असतं तर त्याने जाऊ दिलं नसतं." त्यावर त्याने मान हलवली आणि गाडी वळवली नाही. त्याचं हे ऋण माझ्यावर आहे.

आर्थरने दार उघडलं आणि मला बघून त्याचा चेहरा उजळला. आत घेतलं, कॉफी ठेवली. गिटार स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होती, माणूस बसवावा तशी. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "बरं झालं आलात. तुम्हाला एक गंमत दाखवतो."

बटणात खरखर यायला लागली म्हणून त्याने ती पांढरी पट्टी उघडली होती. आता त्याने स्क्रू काढले, पट्टी उचलली आणि मला वाकून बघायला सांगितलं. माझंच अक्षर.

"तेव्हा मी हे कधी उघडलंच नव्हतं," तो म्हणाला. "पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात दूरच्या देशातली कुणी मुलगी काम करत असेल, नाही? माझी लेक म्हणते, फोनने वाचता येईल. मी म्हटलं, नको. मला नुसतं बघायला आवडतं. तुम्हाला येतं का हे वाचायला?"

मी खरं लिहिलं होतं, पण ज्याला ते वाचायचा हक्क होता त्याला वाचता येणार नाही अशा अक्षरात. दुकानात मला तो धीर वाटला होता. तो धीर नव्हता, लपणं होतं, हे आर्थरच्या स्वयंपाकघरात कळलं.

मी वाचून दाखवलं. नाव, गाव, साल.

"साल पुन्हा सांगा," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. मग सगळंच सांगितलं.

"ओरखडे?"

"मी केले."

"चटका?"

"मीच."

त्याने पट्टी परत बसवली, एकेक स्क्रू आवळला. गिटार पेटीत ठेवली, झाकण लावलं. पेटीच्या चारही खटक्यांचा आवाज मी ऐकला. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "मग माझी कुठे आहे?"

ती कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. कुणालाच नाही. निखिल "वी आर सो सॉरी" असं काहीतरी म्हणाला. आर्थर दाराशी गेला आणि दार उघडून उभा राहिला. "तुम्ही आता निघा." कॉफी तशीच राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते. आर्थरच्या मुलीने तक्रार केली. दोन आठवड्यांनी बेल वाजली आणि या वेळी मी दार उघडलं. तपास करणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं, वकील शेजारी बसून होता. वॉल्टचा तो पिवळा कागद मी घरी आणून ठेवला होता, तो दिला. वॉल्टनेही माझी कार्डं पुढे केली, पण कागदावरचं अक्षर त्याचं होतं, आणि आणखी गिऱ्हाइकं पुढे आली. त्याने गुन्हा कबूल केला. दुकान बंद झालं. माझ्यावर खटला भरणार नाहीत असं सांगण्यात आलं. वकील मात्र म्हणाला, "हे फॉर्ममध्ये लिहावं लागेल. त्यांना काय वाटेल ते सांगता येत नाही."

गणपतीत एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्यामुळे आपल्या सगळ्यांकडे बघतात गं लोक." ईशाचं कारपूल एका घराने कॅन्सल केलं, कारण सांगितलं नाही. त्यांचा मला राग येत नाही. त्यांचेही फॉर्म कुठेतरी आत आहेत.

आर्थरला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुराव्यासाठी नेलेली गिटार खटला संपल्यावर त्याला परत मिळाली, आणि त्याने पेटी पुन्हा उघडलेली नाही, एवढं त्याच्या मुलीने आमच्या वकिलाला कळवलं. मी त्याला खरं सांगितलं हे बरोबरच. पण तोवर तो रोज वाजवत होता आणि आता वाजवत नाही, हेही खरं आहे. ते मी कुणावर ढकलू?

बाबांनी गल्लीत स्वतःच सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. माझा दादा फोनवर म्हणाला, बाबा चहाच्या टपरीवर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या पोरीने खोटं काम केलं. आणि तीच जाऊन सांगून आली." मग चहा संपवून कामावर गेले.

आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. इथे पोस्टाकडून रोज सकाळी ईमेल येतो, त्या दिवशी कोणती पाकिटं येणार त्यांचे फोटो असतात. आज त्यात इमिग्रेशन खात्याचं, आमच्या ग्रीन कार्डच्या निकालाचं पाकीट आहे. जाड आहे की पातळ ते फोटोत कळत नाही. निखिल ऑफिसमधून तीनदा फोन करून म्हणाला, आलं की उघड आणि लगेच सांग.

सकाळी ईशाने तो फोटो बघितला. तेरा वर्षांची आहे, तिच्यापासून काही लपत नाही. दप्तर पाठीला लावता लावता तिने विचारलं, "आई, इफ इट्स अ नो, डू वी गो होम?"

"कुठलं होम?" मी म्हटलं.

ती थबकली. "आय डोन्ट नो. यू टेल मी."

तेवढ्यात बस आली आणि ती गेली. मिरजेतल्या माझ्या खोलीत आता दादाची मुलं अभ्यास करतात, आणि तिथे गेले की आई मला पाहुण्यांच्या ताटात वाढते. श्रूजबरीतल्या या घरात मी चौदा वर्षं पोळ्या लाटल्या, आणि इथे राहायचं की नाही ते एक पाकीट ठरवणार. दोन्हीपैकी एकाला घर म्हणावं तर दुसऱ्याकडून हाक येते, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडे मी थोडी पाहुणीच आहे.

पोस्टाची गाडी आत्ताच येऊन गेली. पत्रपेटीची झडप पडल्याचा आवाज इथपर्यंत आला. मी बाहेर गेलेली नाही. निखिलला मेसेज केला आहे की लवकर निघ. मागची दोन वर्षं जे जे वाईट होतं ते मी आधी एकटीने उघडून बघितलं, आणि मग त्यातलं किती सांगायचं ते ठरवत बसले. हे पाकीट मी तसं उघडणार नाही. आत काहीही असलं तरी तिघंही ते एकदमच वाचू, या स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून. घर म्हणून मला आज एवढंच सांगता येतं, ईशा.

तिची बस कोपऱ्यावर वळते आहे. उठते.